कप्तान नेमोचा बुंदेलखंड

जबलपूरहून पूर्वेस निघालेला रस्ता कुंडमवरून शहापुऱ्याकडे आणि पुढे दिंडोरीकडे जातो. या भागात नेमणुकीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्यास दोन गोष्टी लवकरच उमगतात. हा गोंडांचा मुलूख आहे ही एक. आणि १८५७ सालाची आठवण येथे अद्याप मावळलेली नाही ही दुसरी. अशा ठिकाणी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या पुन्हा वाचावयास घेतल्या म्हणजे बालपणी ज्याकडे लक्ष गेले नाही अशा एका गोष्टीपाशी वाचक अडखळतो. समुद्राच्या तळाशी हिंडणारा कप्तान नेमो हा आपला शेजारी निघतो. कुंडमहून वायव्येस दमोह-सागरकडे गेले की जो बुंदेलखंड लागतो, तेथील एका राजाचा हा मुलगा, असे व्हर्न सांगतो.

मराठी वाचकाचा व्हर्नशी परिचय जुना आहे. कोचीनला जन्मलेल्या ‘केरळ कोकिळा’ने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची चंद्रावरची सफर मराठीत आणली आणि पुढे भा. रा. भागवतांनी तो मुलांच्या हाती दिला. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मासिकांनी हा मान आपल्याकडे घ्यावयास हरकत नाही! परंतु नेमोचे कुलवृत्त कोणी तपासून पाहिल्याचे फारसे आढळत नाही.

नेमोची पहिली कथा १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत त्याचे नाव, देश, वैराचे कारण यांपैकी काहीच सांगितलेले नाही. हे मौन हेतुपुरस्सर योजलेले असावे असे वाटते. वस्तुतः ते लादलेले होते. व्हर्नच्या मनातील नेमो हा पोलंडचा सरदार होता आणि १८६३ चा पोलिश उठाव चिरडणाऱ्या रशियावर त्याला सूड घ्यावयाचा होता. प्रकाशक हेत्झेल यास हे रुचले नाही. रशियन वाचक गमावणे त्याला परवडणारे नव्हते. तेव्हा सूड राहिला आणि त्याचे कारण गळाले. गंमत अशी की त्यामुळे कादंबरीचे काही बिघडले नाही. अज्ञात दुःखाचा मनुष्य वाचकाने आनंदाने पत्करला.

खरी अडचण उत्तरभागात आली. ‘गूढ बेट’ ही कादंबरी १८७४-७५ मध्ये निघाली आणि तिच्या अखेरीस नेमोला आपली हकीकत सांगणे भाग पडले. तो राजपुत्र डक्कर. ‘स्वतंत्र’ बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाचा पुतण्या. दहाव्या वर्षी विलायतेस गेला, तिसाव्या वर्षापर्यंत शिकला, १८४९ मध्ये परतला, १८५७ च्या संग्रामात लढला, बायकामुले गमावली आणि वीसेक विश्वासू साथीदारांसह समुद्रात उतरला.

आता पहिले पुस्तक शेजारी ठेवावे. नॉटिलसवरील खलाशांत प्राध्यापक आरोनाक्सला आयरिश, फ्रेंच, स्लाव्ह, ग्रीक चेहरे दिसतात; बुंदेलखंडाचा एकही नाही. नेमोच्या खोलीत वीरांच्या तसबिरी आहेत. त्यांत पोलंडचा कोशियुस्को आहे, आयर्लंडचा ओकॉनेल आहे, वॉशिंग्टन आणि लिंकन आहेत. पण टिपू नाही, नानासाहेब नाहीत, झाशीची राणी नाही. चुलत्याची तसबीर न लावणारा आणि पोलंडच्या सेनानीची लावणारा हा कसला पुतण्या? सिंहलद्वीपाजवळ तो एका गरीब पाणबुड्यास शार्कच्या जबड्यातून सोडवितो आणि आपण याच पीडितांच्या देशाचे आहो असे सुचवितो, एवढाच काय तो दुवा व्हर्नला हाती लागला.

कालगणनेची तर दशाच आहे. पहिल्या पुस्तकाप्रमाणे नोव्हेंबर १८६७ पासून पुढील जूनपर्यंत नेमो आरोनाक्ससह सप्तसमुद्र हिंडत होता. दुसऱ्याप्रमाणे त्याच काळात, किंबहुना १८६५ पूर्वीपासून, तो एका बेटाच्या गुहेत मृत्यूची वाट पाहत होता. बेटावर येतेवेळी तो साठीचा होता म्हणे. मग १८४९ साली तो तिशीत कसा? अशा चुका मात्र मी क्षम्य मानतो. आजच्या गाजलेल्या वैज्ञानिक चित्रपटांच्या उत्तरभागांतही मेलेली माणसे उठून बसतात आणि प्रेक्षक कुरकुरत का होईना तिकीट काढतात.

क्षम्य नाही ते इतिहासाचे ढिसाळपण. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांचा बुंदेलखंडातील मुलूख कंपनीकडे गेला आणि बुंदेले राजे सनदांवर जगू लागले. नेमोच्या जन्मकाळी ‘स्वतंत्र’ बुंदेलखंड उरलाच नव्हता. श्रीरंगपट्टणात १७९९ मध्ये पडलेल्या टिपूचे या राजवंशाशी नाते जोडणे म्हणजे नकाशावर दोन टाचण्या टोचून मध्ये दोरा ओढणे होय. आणि खरे नाते तर तेथेच पडलेले होते! छत्रसालाच्या मदतीस १७२९ मध्ये धावलेला बाजीराव, मस्तानी, पानिपतावर जखमी होऊन गेलेला त्यांचा समशेर बहादूर आणि त्याच्या वंशातील बांद्याचा नवाब अली बहादूर. हा नवाब १८५७ त इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. मुसलमान राजपुत्र, बुंदेलखंड, उठाव आणि सर्वनाश, सारे एका घराण्यात होते. व्हर्नने हिंदुस्थान कधी पाहिला नाही, आणि पाहणाऱ्यास विचारलेही नसावे.

पुढे १८८० मध्ये त्याने वाफेच्या हत्तीची कादंबरी लिहिली आणि नानासाहेबांस विंध्य-सातपुड्यात लपविले. तीत नानासाहेब कर्नल मन्रोला तोफेच्या तोंडी बांधतात, आणि जबलपूरच्या छावणीजवळ त्या लोखंडी हत्तीचा स्फोट होतो. प्रत्यक्ष जबलपुरात तोफेच्या तोंडी कोण गेले हे कुंडमच्या रस्त्यावरील शाळकरी मुलासही ठाऊक असते. गढा-मंडल्याच्या वंशातील शंकरशाह आणि रघुनाथशाह, बाप-लेक, १८ सप्टेंबर १८५७. घरात इंग्रजांच्या नाशासाठी देवीला केलेली प्रार्थना सापडली, हा पुरावा. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून गेली. त्या शिपायांच्या हेतूबद्दल कोणत्याही उत्तरभागात खुलासा करावा लागला नाही.

असे असूनही नेमोचा अंत वाचताना माझा राग ओसरतो. तेथेही प्रकाशकाचा हात फिरला आहे. बेटावरील अभियंता मरणाऱ्या नेमोला सुनावतो की गेलेला काळ परत आणू पाहणे ही तुझी चूक. आणि इंग्रजी भाषांतरात तर १८५७ चा सारा मजकूर इंग्रजांना सोसेल इतका सौम्य करण्यात आला. आपल्याकडील अनेकांनी नेमो वाचला तो या इंग्रजी वाटेने. छापील पुस्तकात नेमो देवाचे आणि देशाचे नाव घेऊन प्राण सोडतो. व्हर्नच्या मूळ हस्तलिखितात त्याच्या तोंडी एकच शब्द होता, आणि त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा होता.