गाडी न करता मुंबई कशी पाहावी? लोकल, मेट्रो, बेस्ट आणि बोटीचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा माणूस नुसता फिरायला म्हणून मुंबईला क्वचितच जातो. कुणाची टाटा रुग्णालयात तपासणी असते, कुणाची मुलाखत, कुणाचे लग्नकार्य, कुणाचा मंत्रालयात हेलपाटा. काम उरकले की हातात एखादा दिवस उरतो. मग ‘आलोच आहोत तर मुंबई बघून घेऊ’ म्हणून दिवसभरासाठी गाडी ठरवली जाते आणि तिथेच फसगत होते. नातेवाइकाच्या घरून सकाळी आठला निघालेली गाडी गेटवेला पोचेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. गाडी लावायला जागा नसते. चालक ‘दहा मिनिटांत या’ म्हणून सांगतो. हाजी अली खिडकीतून दिसतो, मरीन ड्राइव्हवर सिग्नलला उभे असताना फोटो निघतो आणि संध्याकाळचे तीन तास परतीच्या कोंडीत जातात. टिळकवाडीच्या रेल्वेगेटात पाच मिनिटे अडकल्यावर चिडणारा माणूस मुंबईत पैसे मोजून दिवसभर अडकून बसतो.

मुंबईची घडण पाहिली तर याचे कारण कळते. कुलाब्यापासून उत्तरेकडे लांबट पसरलेले हे शहर आहे; दक्षिणेचा भाग चिंचोळा, दोन्ही बाजूंना समुद्र. पूर्व-पश्चिम पसरायला जागाच नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली आणि त्यानंतर शहर रुळांच्या कडेकडेने वाढत गेले. १९२५ मध्ये विजेवरची लोकल आली. म्हणजे स्टेशन आधी, वस्ती मागाहून. त्यामुळे पाहण्यासारखी बहुतेक ठिकाणे कुठल्या ना कुठल्या स्टेशनपासून पायी किंवा टॅक्सीच्या किमान भाड्यात येतात. चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर अंतर जलद लोकल तासाच्या आत कापते. तेवढेच अंतर रस्त्याने किती वेळात होईल, हे मुंबईतला मुरलेला टॅक्सीवालाही छातीठोक सांगणार नाही.

आधी गर्दीची दिशा ओळखा

लोकलची धास्ती सगळ्यांनाच असते आणि ती खोटी नाही. रोज सत्तर लाखांच्या घरात माणसे या गाड्यांतून जातात. लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक लोक जीव गमावतात, त्यांतले बरेच रूळ ओलांडताना किंवा दारातून पडून. पण गर्दीला दिशा आणि वेळ असते. सकाळी आठ ते अकरा ती दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाते. संध्याकाळी पाच ते नऊ उलट उत्तरेकडे. पाहुण्याने फक्त तिच्या विरुद्ध जायचे. सकाळी दादरहून बोरिवलीकडे निघालेल्या गाडीत खिडकीही मिळू शकते. दक्षिण मुंबई पाहायची असेल तर दुपारी अकरानंतर निघावे आणि परतताना एक तर चारच्या आत गाडी पकडावी, नाहीतर नऊपर्यंत मरीन ड्राइव्हवर निवांत बसावे. मधल्या वेळेत मुले आणि म्हातारी माणसे घेऊन फलाटावर जाऊच नये.

दुसरी खूणगाठ डब्यांची. धीमी लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबते, जलद मोजक्याच. नवख्याने धीमीच धरावी. दहा-पंधरा मिनिटे जास्त जातील, पण हवे ते स्टेशन मागे पळताना बघावे लागणार नाही. बोरिवलीला उतरायचे असेल तर संध्याकाळच्या विरार जलदमध्ये चढू नये. विरारकर त्यावर जे ऐकवतात ते बेळगावच्या कानांना सोसणारे नसते.

रेल्वे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट देते. ते पश्चिम, मध्य आणि हार्बर तिन्ही मार्गांवर चालते, त्यामुळे दर वेळी रांगेत उभे राहावे लागत नाही. दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांना जोडणारे नाके. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असल्याने पाहुण्यांची हमखास चुकामूक होई. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. बेळगाव-मिरजमार्गे येणाऱ्या काही गाड्या दादरलाच संपतात. गोव्याची मांडवी, ग्वाल्हेरकडून येणारी पंजाब मेल आणि हैदराबादची हुसेनसागर सीएसएमटीला जातात, इंदूरची अवंतिका मुंबई सेंट्रलला. आपली गाडी कुठे उतरवते त्यावरून पहिला दिवस कुठल्या मार्गावर घालवायचा ते ठरवावे. दादर किंवा सीएसएमटीला उतरून सामान घेऊन फिरू नये. मोठ्या स्थानकांत सामानघर असते, तिथे कुलूपबंद बॅग आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते.

सीएसएमटी ते गेटवे: अडीच किलोमीटर

एकच दिवस असेल तर तो इथे घालवावा. सीएसएमटीची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८८८ मध्ये पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. समोरची महापालिकेची इमारत त्याचीच. स्टेशनातून घाईने बाहेर पडणाऱ्यांना दोन्ही दिसत नाहीत. रस्ता भुयारी मार्गाने ओलांडून पलीकडे उभे राहून पाहावे.

तिथून पंधरा मिनिटे चालले की हुतात्मा चौक. सीमाभागातल्या माणसाने गेटवे एक वेळ चुकवले तरी चालेल, हा चौक चुकवू नये. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचे शिल्प आणि शेजारी १८६४ चे फ्लोरा फाउंटन, असे दोन काळ इथे खेटून उभे आहेत. बेळगाव-निपाणीत दरवर्षी १७ जानेवारीला ज्यांच्यासाठी हुतात्मा दिन पाळला जातो, ते १९५६ चे हुतात्मे याच लढ्यातले. गाडीने जाणाऱ्याला मात्र हा चौक म्हणजे नुसता एक सिग्नल.

पुढे राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय आणि ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. या जोडीला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानातून जाणारी पायवाट फुकट आहे आणि देखावा तिथूनच उत्तम दिसतो. मग काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (याला निदान दोन तास हवेत) आणि शेवटी १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे. सगळे मिळून चालणे अडीच किलोमीटरच्या आसपास. थकल्यास काळी-पिवळी टॅक्सी पकडावी. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडे ३१ रुपये आहे, चौघांत वाटले तर बसइतकेच पडते. रिक्षा शोधत बसू नये, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षांना बंदी आहे. सीएसएमटीहून एनसीपीएकडे जाणारी बेस्टची दुमजली वातानुकूलित बसही आहे. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मुले खूश.

आता भुयारी मेट्रो ३ ही संपूर्ण सुरू झाली आहे. आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, भाडे १० ते ७० रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला आणि पाहुण्यांची मोठी सोय झाली, कारण विमानतळ, सिद्धिविनायक, दादर, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक एकाच ओळीत आले. सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना लोकलपेक्षा हीच बरी. भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. तिकीट वर असतानाच काढावे.

गिरगाव स्थानकावरून खोताची वाडी आणि चौपाटी चालत होते. तिथून टॅक्सीने वाळकेश्वरला बाणगंगा गाठावी. मलबार हिलच्या उंच इमारतींखाली दगडी पायऱ्यांचे तळे आणि भोवती देवळे, असे ठिकाण मुंबईत असेल यावर विश्वास बसत नाही. गोव्याच्या माणसाला तर इथे घरचेच वाटेल. तळ्याकाठी कवळे मठाची शाखा आहे.

नावावरून फसण्याची एक जागा सांगायला हवी. महालक्ष्मी स्टेशनवर उतरले की देऊळ समोर दिसेल असे समजू नये. ते बरेच लांब, समुद्राकडे आहे. स्टेशनच्या पुलावरून दिसतो तो धोबीघाट. देवळासाठी टॅक्सी किंवा बस धरावी.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला राणीची बाग आणि तिला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. जुन्या मुंबईचे नमुने आणि नकाशे पाहायचे तर हेच ठिकाण. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. बुधवारी दोन्ही बंद असतात.

कान्हेरी आणि घारापुरी

ही दोन ठिकाणे सोमवारी बंद. सुट्टी जोडून आलेले कितीतरी लोक नेमके सोमवारी पोचतात.

कान्हेरीसाठी सकाळच्या उलट्या गर्दीत बोरिवलीला उतरावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार पूर्वेला चालण्याच्या अंतरावर आहे. आत लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर जंगलाचा रस्ता, त्यासाठी उद्यानाची बस मिळते. शंभराहून अधिक लेणी, तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. ती बघत दुपार कधी सरते ते कळत नाही. पाणी आणि खाणे सोबत न्यावे, माकडांपासून मात्र जपावे.

घारापुरीची बोट गेटवेवरून सुटते आणि सुमारे तासाने पोचते. मुंबई समुद्रावरून बघायची ही सर्वांत स्वस्त रीत; बंदर, नौदलाची जहाजे, मागे सरकणारे गेटवे. लाईफ जॅकेट घालूनच बसावे, बोटवाला आग्रह करो न करो. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोली असते. वर सुमारे वीस फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर यावर बेत आखू नये.

गाडी कधी करावी?

काही वेळा करावीच. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, पहाटे तीनची गाडी, चार बॅगा आणि तान्हे मूल असेल तर लोकलचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. जुन्या स्टेशनांचे पूल उंच आहेत, लिफ्ट असल्या तरी दर फलाटावर नसतात. अशा वेळी स्टेशन ते मुक्काम एवढ्यापुरती टॅक्सी करावी, दिवसभराची नव्हे.

रविवारी रस्ते मोकळे असतात, पण रेल्वेचा मेगाब्लॉकही त्याच दिवशी असतो. साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत एखाद्या मार्गावरच्या गाड्या कमी किंवा वळवलेल्या असतात. कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच जाहीर होते. रविवारी रात्रीची परतीची गाडी दादरहून असेल तर त्या दिवशी बोरिवलीपेक्षा भायखळा किंवा गिरगाव बरे, आणि सामानघरातून बॅगा सोडवायला गाडीच्या आधी एक तास राखून ठेवावा.