कुंडलचं सरकार आणि किमाथीची संसद

१८ फेब्रुवारी १९५७ रोजी इंग्रजांनी नैरोबीजवळच्या कामिती तुरुंगात डेडान किमाथीला फाशी दिली. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. प्रेत घरच्यांना मिळालं नाही, तुरुंगाच्या आवारातच कुठंतरी पुरलं. आफ्रिकेचा स्वातंत्र्यलढा म्हटलं की आपल्याकडं मंडेला आणि फार तर केन्याटा आठवतात. मी कुंडलच्या हायस्कुलात इतिहास शिकवला, आणि किमाथीचं नाव वर्गात दरवर्षी घेतलं. त्याला कारण आमचं गाव.

केनियातल्या उत्तम जमिनी गोऱ्या मळेवाल्यांनी घेतल्या होत्या आणि किकुयू शेतकरी आपल्याच मुलखात मजूर झाला होता. ओळखीचा दाखला पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवल्याशिवाय त्याला कामासाठी फिरता येत नसे. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, केन्याटा पकडले गेले आणि तरुण पोरं जंगलात शिरली. त्यांचा म्होरक्या किमाथी हा पूर्वीचा मास्तर. १९५४ साली त्यानं अबर्डेअरच्या डोंगरात 'केनिया पार्लमेंट' भरवलं. जंगलात राहूनही हुकूम, हजेरी, पत्रव्यवहार लिहून ठेवायचा त्याचा आग्रह असे. इंग्रज त्यांना दहशतवादीच म्हणत आणि आणीबाणीत त्यांनी हजारावर माणसं फासावर चढवली.

त्या दिवसांत नैरोबीत भारताचे आयुक्त होते औंधचे अप्पासाहेब पंत. १९४८ साली नेहरूंनी त्यांना तिथं पाठवलं. त्यांनी फक्त हिंदी व्यापाऱ्यांची बाजू न बघता आफ्रिकी पुढाऱ्यांशी मैत्री केली, त्यांच्या मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. गोऱ्या सरकारला ते खुपू लागले आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. मला नेहमी वाटतं, केनियाच्या जंगलात जे चाललं होतं ते या माणसाला नवं वाटलं नसणार. त्यांनी तसलं सरकार आपल्या वडिलांच्या राज्यात, कुंडलमध्ये उभं राहिलेलं पाहिलं होतं.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात. चहूबाजूंनी इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि मध्ये आमचा तुकडा. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार रयतेच्या हाती दिला होता, त्यामुळं गावाला आपले पंच आपण निवडायची सवय लागलेली. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला. एकट्या वडूजला नऊ जण गेले. इस्लामपुरात पडलेले उमाशंकर पंड्या तर शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले. त्यानंतर मोर्चावर कुणाचा भरवसा राहिला नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ मध्ये इंग्रजांना बाजूला सारून स्वतःचा कारभार चालवणारं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि कुंडल हे त्याचं मोठं ठाणं झालं. जी. डी. बापू लाड इथले. प्रतिसरकारच्या लढाऊ तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे आमचे कॅप्टन भाऊ, तेही इथलेच.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी अडवली ती यांनी. रुळांवर धोंडे रचले होते. हातात विळे, काठ्या आणि गावठी बॉम्ब, बंदूक नव्हती. कॅप्टन भाऊ रक्कम सांगत ती १९,१७५ रुपयांची. पुढच्या एप्रिलात धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना घेतला, तिथंही बापू होते. या दोन गोष्टी आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. सरकारच्या दप्तरात मात्र हे सगळे दरोडेखोर.

माझं मन त्या गाडीपेक्षा गावातले वाद मिटवणाऱ्या प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळाकडं जास्त ओढतं. आमच्या आजोबांचा चुलत्यांशी बांधाचा वाद होता, तासगावच्या कोर्टात तारखा पडून पडून दोन्ही घरं कर्जात बुडालेली. एका पहाटे मंडळाचे लोक शेतावर आले. दोन्हीकडच्यांना समोरासमोर उभं केलं, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, दोरी धरून मोजलं आणि उन्हं वर यायच्या आत हद्दीचा दगड हातभर सरकवून रोवला. स्टँप नाही, वकील नाही. आजी सांगायची, पंचांनी घरचा चहासुद्धा घेतला नाही. भाकरी मात्र रात्री लपून राहिलेल्या पोरांसाठी जायची, वैरणीच्या भाऱ्यात घालून, वर मिरचीचा खर्डा.

असे निवाडे गावोगाव झाले. सावकारांना वेसण घातली, दारूचे गुत्ते बंद केले, हुंडा-मानपान टाळून गांधी पद्धतीची लग्नं लावली. भूमिगत असतानाच बापूंचंही लग्न तसंच लागलं. शिक्षाही कडक होत्या. फितुरांच्या आणि गुंडांच्या तळपायावर काठ्या बसत. त्या सगळ्याच न्याय्य होत्या असं मी म्हणणार नाही. सूड उगवायला नाव देणारेही गावात असतातच, आणि रात्रीच्या निवाड्याला अपील नसतं. पण चोर्‍या थांबल्या, बाया निर्धास्त शेतावर जाऊ लागल्या, हे मी दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकलंय. नाना पाटील १९४६ पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत ते अशा हजारो घरांमुळं.

किमाथी तेवढा सुदैवी नव्हता. ऑक्टोबर १९५६ मध्ये न्येरीजवळ तो जखमी होऊन सापडला. देश १९६३ ला स्वतंत्र झाला तरी त्याच्या माऊ माऊ संघटनेवरची बंदी २००३ पर्यंत उठली नव्हती. नैरोबीत त्याचा पुतळा २००७ मध्ये बसला. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारनं छळ सोसलेल्या ५,२२८ जणांना भरपाई मान्य केली, त्यांच्यातली काही म्हातारी माणसं स्वतः लंडनच्या कोर्टात उभी राहून बोलली म्हणून.

आमच्याकडं बोलणारे संपत आले. जी. डी. बापू २०११ ला गेले, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. पण कुंडल, पलूस, कडेगाव, वाळवा या पट्ट्यात त्यांच्या पाठची पिढी अजून आहे, आईबापांकडून सगळं ऐकलेली. पोरं मोबाईल घेऊन त्यांच्याकडं जातात आणि गाडी कशी अडवली तेवढंच विचारतात. विचारायचं ते हे : न्यायदान मंडळावर तुमच्या गावातून कोण बसत होतं, कुणाचा वाद मिटवला, दंडाचे पैसे कुठं गेले, आणि निवाडा न पटलेल्या माणसाचं पुढं काय झालं.