चुनखडी (बीड जिल्हा)

काळ्या जमिनीखाली गाठींच्या रूपात तयार होणारा कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. समुद्रतळाशी थराथराने साचलेला चुनखडक महाराष्ट्रात पाहायचा तर वणी किंवा राजुरा-गडचांदूरकडे जावे लागते. तिथले सिमेंट कारखाने त्याच्याच आधाराने उभे राहिले. बीड जिल्हा बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तरी गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यात विहीर खणताना काळी माती सरली की पांढुरके खडे हाती लागतात.

हा चुना बेसॉल्टमधूनच आलेला. खडक झिजताना त्यातले कॅल्शियम मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. कोकणात ते वाहून जाते. बीडमध्ये पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. पाणी वाफ होऊन उडते, चुना मागे राहतो आणि मातीचे कण धरत त्याच्या गाठी बनतात.

ओळख सोपी आहे. खडा राखाडी, पिवळसर किंवा मळकट पांढरा, ओबडधोबड. चाकूने ओरखडा पडतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. पांढऱ्या गारगोटीशी गल्लत होते, पण गारगोटी काचेवर ओरखडा काढते आणि आम्लाला दाद देत नाही.

चुनाभट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला खडे भाजले की कळीचा चुना मिळतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असेल तर १०० किलोमागे ५६ किलो. बाकीचा भाग वायू होऊन जातो. या खड्यांत चिकणमाती असते, आणि बांधकामाला तीच उपकारक ठरते: असा चुना ओलीतही घट्ट होतो. पूर्वी तो वाळूबरोबर बैलाने फिरवायच्या घाण्यात मळत. तेव्हा सिमेंट नव्हते: पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला त्याच्या कितीतरी आधीचा.

शेतात मात्र चुनखडी जाचक ठरते. पिकाला लोह मिळेनासे होते, कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुक्त चुना दहा टक्क्यांवर असेल तर मोसंबी लावू नये. वरची माती काळीभोर दिसली तरी लागवडीआधी खड्डा घेऊन खालच्या थराचीही तपासणी करून घ्यावी.

जुने वाडे, गढ्या दुरुस्त करताना चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतली ओल कोंडते आणि भिंत पोखरली जाते. तिथे चुनाच वापरावा.