हिवताप, भिंग आणि तेलाचा थेंब

भाद्रपदात गणपती येतात आणि त्याच सुमारास हिवतापाचे दिवसही येतात. धारजवळच्या तिरल्यासारख्या ब्लॉकच्या गावी तापाचा रुग्ण आला की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ही तपासणी इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामागचा इतिहास आम्हा तपासणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. त्यातला एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला.

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना रुग्णाच्या ताज्या रक्तात हिवतापाचा जंतू दिसला. त्यांचे भिंग साधे होते, वस्तू सुमारे ४०० पट मोठी दाखवणारे. पण जंतूचे तंतू वळवळत होते, म्हणून तो नजरेत भरला. इतरांना तसा तो सहज दिसेना, आणि पुढे काही वर्षे या शोधावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

भारतात तो जंतू प्रथम पाहणाऱ्यांत डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर होते. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे यांनीच काढली. १८५८ मध्ये ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. उलटून येणाऱ्या तापाचे मळसूत्री जंतूही त्यांनी मुंबईच्या रुग्णांच्या रक्तात पाहिले होते. १८८७ च्या सुमारास त्यांनी लाव्हेरान यांच्या शोधाला मुंबईतून दुजोरा दिला.

याच काळात जर्मनीतील येना गावी कार्ल झाइस यांच्या कारखान्यात अर्न्स्ट आबे भिंगांचे गणित मांडत होते. त्यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की वस्तू नुसती मोठी करून बारकावे दिसत नाहीत. भिंगाने जास्त रुंद कोनातून प्रकाश गोळा केला पाहिजे. काचेतून हवेत शिरताना तिरपे किरण वाकून बाहेर जातात. म्हणून काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये काचेइतकाच प्रकाश वाकवणारे सीडरवुड तेल घालायचे. अशी भिंगे १८७८ पासून तयार होऊ लागली.

एप्रिल १८९५ मध्ये रोनाल्ड रॉस मुंबई बंदरात उतरले आणि सामान सोडवण्याआधीच सिव्हिल हॉस्पिटलात हिवतापाचे रुग्ण शोधायला गेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्यांना तो जंतू सापडला. तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता. चिरफाड केलेले डास उडून जातील म्हणून पंखाही बंद. लगेच त्यांची बदली झाली ती भिल्लांच्या मुलखात, उदयपूरकडच्या खेरवाड्याला. तिथे हिवतापाचे रुग्ण फारसे मिळेनात, तेव्हा त्यांनी कबुतरांचे रक्त तपासायला घेतले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

हा इतिहास आजही उपयोगाचा आहे. मुलांसाठी सूक्ष्मदर्शक घेताना मंडळी डब्यावरचा ‘२००० पट’ हा आकडा पाहतात. पाहायचा तो भिंगावर कोरलेला दुसरा आकडा. ४०/०.६५ म्हणजे चाळीस पट, आणि प्रकाश गोळा करण्याची क्षमता ०.६५. या क्षमतेच्या हजारपटीपलीकडे कितीही मोठे केले तरी चित्र फक्त फुगते, नवे काही दिसत नाही. कांद्याची साल पाहायला दहाचे भिंग पुरते, जंताच्या अंड्यांना चाळीसचे. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ मायक्रॉनची आणि तिच्यातले हिवतापाचे कोवळे कडे त्याहून कितीतरी लहान, त्याला १००/१.२५ चे, तेलाचेच भिंग हवे. काम झाले की तेल पुसायचे, आणि पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून पेटीत सिलिका जेल ठेवायचे.

इतके करूनही ‘जंतू नाही’ असे लिहिण्याआधी रक्ताच्या जाड थेंबातील किमान शंभर क्षेत्रे पाहावी लागतात. रांग मोठी असते, डोळे शिणतात, वीसतीस क्षेत्रांवर थांबावेसे वाटते. पण शंभराव्या क्षेत्रातही एखादे कडे सापडू शकते, आणि ते सुटले तर तापाने फणफणलेले लेकरू औषधाविना घरी परत जाते. भिंग आबे यांनी दिले, वाट कार्टर आणि रॉस यांनी दाखवली. शंभर क्षेत्रे मोजायचे काम मात्र आमचे आहे.