टायरच्या बाजूवरील खुणा

टायरच्या बाजूवरील खुणा : मोटारीच्या टायरची रस्त्याला टेकणारी नक्षी आणि डिस्कमध्ये बसणारी कड यांच्या मधल्या उभ्या भागावर, टायर साच्यात भाजला जात असतानाच उमटवलेली अक्षरे, अंक व चिन्हे. या भागाला दुकानात साइडवॉल किंवा नुसते ‘साइड’ म्हणतात. अक्षरे रोमन, काळ्यावर काळी आणि धूळ बसली की दिसेनाशी होणारी. नांदेड–लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशा गावांच्या तोंडाशी टायरची दुकाने आहेत. तिथे गिऱ्हाईक आधी नक्षीवरून अंगठा फिरवते, मग कंपनीचे नाव विचारते आणि मग शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करते. बाजूवरचा मजकूर वाचायला ओले फडके आणि दोन मिनिटे पुरतात, तेवढे मात्र राहून जाते.

आकार : सर्वांत ठळक ओळ आकाराची. उदा., १८५/६५ आर १५. यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे येथे सुमारे १२० मिमी. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. अनेकांना ते रिमचे किंवा त्रिज्येचे वाटते. शेवटचा १५ हा डिस्कचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, यामागे इतिहासाखेरीज दुसरे कारण नाही.

मारुतीच्या स्विफ्ट व डिझायर या गाड्या खालच्या प्रकारांत १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांत १८५/६५ आर १५ टायरांवर विकल्या गेल्या. गणित करून पाहिले तर पहिल्या टायरचा बाहेरचा व्यास ६१९.६ मिमी आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिमी भरतो. फरक दोन मिलिमीटरांचाही नाही. डिस्क मोठी झाली तेवढी रबराची भिंत बुटकी झाली, चाक तेवढेच राहिले. हे ध्यानात न घेता १५ इंची डिस्कवर ‘जरा रुंद’ म्हणून २०५/६५ बसवला, तर व्यास सुमारे २६ मिमीने वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वर असते. शिवाय पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या पत्र्याला घासण्याची शक्यता असते ती वेगळीच.

मधला टक्क्यांचा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर घट्ट आणि दिसायला रुबाबदार. पण पावसाळ्यानंतर मुखेड–देगलूरकडच्या आडरस्त्यांनी फिरायचे असेल, तर मोठा आकडा मानवतो. खड्ड्याच्या काठावर बुटकी भिंत डिस्क आणि रस्ता यांच्यात चेंगरते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला किंवा बाजूला चिरलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरचे ठिगळ नक्षीच्या भागापुरतेच असते. बाजूवर ठिगळ लावून देणारा कारागीर भेटला तर त्याचे आभार मानून पुढचे दुकान गाठावे.

आकड्यांच्या आधी ‘पी’ असल्यास टायर प्रवासी मोटारीचा. बोलेरोच्या टायरवर पी २१५/७५ आर १५ असे असते. ‘एलटी’ म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा. टाटा एस अर्थात ‘छोटा हत्ती’च्या टायरवर १४५ आर १२ एलटी ८ पीआर असे वाचायला मिळते. त्यातील पीआर हे ताकदीचे माप. पूर्वी टायरमध्ये सुती धाग्यांचे जितके थर तितकी त्याची ताकद, असा हिशेब होता. आता थर एक-दोनच असले, तरी जुन्या आठ थरांइतकी ताकद आहे एवढेच तो आकडा सांगतो. ॲम्बॅसडरच्या काळात आकाराची ओळ याहून साधी होती : ५.९०–१५. दोन्ही मापे इंचांत, आणि मधली आडवी रेघ ही आडव्या-तिडव्या धाग्यांच्या, म्हणजे क्रॉसप्लाय बांधणीची खूण. ट्रॅक्टरच्या अनेक टायरांवर ती अजून दिसते.

भार व वेग : आकारापुढे ८८ एच किंवा ८५ टी अशी जोडी असते. अंक भाराचा, अक्षर वेगाचे. हा अंक किलोत नसतो. तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक असतो. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ आणि १०० म्हणजे ८०० किलो, तेही एका टायरवर. ८५ वाल्या चार टायरांची बेरीज २०६० किलो होते आणि त्यात गाडीचे स्वतःचे वजनही आले. शिवाय ही मर्यादा टायरमध्ये पुरेशी हवा असेल तरच लागू.

वेगाच्या अक्षरांत एल म्हणजे ताशी १२० किमी, एन १४०, क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०. वर्णमालेत आधी येणारा एच येथे यू आणि व्ही यांच्यामध्ये जाऊन बसला आहे, म्हणून नुसत्या अंदाजाने वाचणारा फसतो. दुकानदार हे अक्षर कौतुकाने दाखवतात. चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० ची कायदेशीर मर्यादा असताना टी की एच या वादात फार दम नाही. या भागातल्या गाडीमालकाने वेगाच्या अक्षरापेक्षा भाराच्या अंकाकडे पाहावे. सात जणांच्या गाडीत दहा जण आणि टपावर सामान घेऊन लग्नाला निघणे येथे नवलाचे नाही. बदली टायर घेताना भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

जन्मतारीख : ‘डीओटी’ ही अक्षरे अमेरिकेच्या परिवहन खात्याची. त्यांच्यापुढे कारखान्याची व आकाराची सांकेतिक अक्षरे येतात आणि शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार अंक. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा, मृग निघतो त्या सुमाराचा. ‘२३ साली बनला’ असे कोणी वाचून दाखवले तर दोन वर्षे परस्पर कमी झाली असे समजावे. पहिली जोडी ५३ च्या पुढे कधी जात नाही, ही ओळखायची सोपी खूण. २००० सालापूर्वी तीनच अंक असत आणि दशक कोणते ते कळत नसे. तसा टायर आज विकायला दिसला तर दशकाची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

रबर न वापरताही म्हातारे होते. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक पडते, बाजूवर केसासारख्या भेगा येतात. दुकानाबाहेर उन्हात रचलेली टायरांची चवड या दृष्टीने वाईट. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनी बदल, असे अनेक उत्पादक सांगतात. सर्वांत फसवी असते ती स्टेपनी. डिकीत पडून राहिल्याने तिची नक्षी कोरी असते, म्हणून जुने चार टायर टाकून देताना तिला ‘नवी’ म्हणून पुढच्या चाकाला चढवले जाते. तारीख मात्र गाडीइतकीच जुनी असते. वापरलेले टायर विकत घेताना तर तारीख हीच पहिली ओळ समजावी.

कमाल दाब व उन्हाळा : बाजूवर बारीक अक्षरांत कमाल भार आणि कमाल दाब दिलेला असतो; उदा., ३०० किलोपास्कल, म्हणजे ४४ पीएसआय. हा आकडा टायरची मर्यादा सांगतो. गाडीत किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते आणि ते बहुतेक लहान गाड्यांत तीस ते छत्तीस पीएसआयच्या दरम्यान येते. टायरवर ४४ आहे म्हणून ४४ भरणारे जसे भेटतात, तसे उन्हाळ्यात ‘हवा तापून फुगते, चार पॉइंट कमी ठेवा’ असे सांगणारेही भेटतात. दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा धोक्याचा आहे.

तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने वाढतो, हे खरे. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असल्याने ही वाढ त्यात आधीच धरलेली असते. हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर दबतो आणि त्याची बाजू प्रत्येक फेरीला वाकून सरळ होते. १८५/६५ आर १५ चा घेर १.९५ मीटर; ताशी १०० किमी वेगाला एका सेकंदात सुमारे चौदा फेऱ्या. तार सारखी वाकवली की जशी मधोमध तापते तशी ही भिंत तापते, थर सुटतात आणि टायर फुटतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२–४३ अंशांवर असताना डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते, तेव्हा कमी हवेची ही शिक्षा लवकर मिळते. हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर तपासावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

काही टायरांवर अमेरिकी पद्धतीची आणखी एक ओळ असते : झीज, पकड आणि तापमान यांचे दर्जे. तापमानासाठी ए, बी, सी अशी अक्षरे असून ए हा उष्णता सर्वांत चांगली झेलणारा. आपल्या हवामानात ही ओळ सापडली तर जरूर वाचावी.

प्रमाण-चिन्हे : भारतात टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते लागू झाले. प्रवासी मोटारीच्या टायरसाठी मानक आयएस १५६३३, व्यापारी वाहनांसाठी आयएस १५६३६. वर्तुळातील ‘ई’ आणि शेजारचा अंक ही युरोपीय मान्यतेची खूण असून अंक मान्यता देणाऱ्या देशाचा असतो : १ जर्मनी, ४ नेदरलँड्स. ती असली म्हणजे टायर परदेशात बनला असे नव्हे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गुडइयरचा मोटार-टायरांचा कारखाना आहे आणि बीकेटीचा शेती व अवजड यंत्रांच्या टायरांचा; मराठवाड्यात भाजलेले रबर परदेशांपर्यंत जाते, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन-तीन देशांची चिन्हे दाटीने बसतात.

बसवण्याच्या खुणा : ‘रोटेशन’ शब्दापुढचा बाण चाक फिरण्याची दिशा दाखवतो. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर हवी. नव्या टायरवरचा रंगाचा पिवळा ठिपका सर्वांत हलकी जागा दाखवतो. तो व्हॉल्व्हजवळ आणला की बॅलन्सिंगला शिसे कमी लागते.

झीज : बाजूच्या वरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ किंवा लहान त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा उंचवटा सापडतो, १.६ मिमीचा. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर कायद्याने संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारींसाठी हीच मर्यादा आहे, दुचाकी-तीनचाकींसाठी ०.८ मिमी. आपल्याकडे ‘गोटा’ झाल्याशिवाय टायर उतरवायचा नाही अशी रीत. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर अपघात वाढले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गोटा टायरांच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. अनेक चालकांना या खुणांची ओळख त्या नाक्यांवर झाली.

बैलगाडीचे टायर : उसाच्या टायरगाड्यांसाठी वेगळे टायर बनतात. त्यांच्या बाजूवर ‘एडीव्ही’ असते, म्हणजे जनावरांनी ओढायचे वाहन, आकार ६.००–१९, ८.००–१९ असे. ते बैलाच्या चालीपुरते असतात. मोटारीला किंवा ट्रॅक्टरमागच्या वेगाने पळणाऱ्या ट्रॉलीला ते लावू नयेत.

तारखेचे चार अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. म्हणून टायर डिस्कवर चढण्याआधी जमिनीवर उभा धरून दोन्ही बाजू वाचाव्यात. तारीख आत गेली तर ती पाहायला गाडीखाली आडवे व्हावे लागते.