१८० × ५० मिलिमीटरचा करार

वीस-पंचवीस वर्षे जुन्या मोटारीतला मूळचा कॅसेट प्लेअर काढून तिथे नवा ब्लूटूथ स्टिरिओ बसवायला सरावलेल्या कारागिराला फार वेळ लागत नाही. दारांतले आणि मागच्या फळीवरचे 'कंपनी फिटेड' स्पीकर जागेवरच राहतात. त्यांच्या वायरींनाही बहुधा हात लागत नाही. एका कारखान्याचा रेडिओ दुसऱ्याच कारखान्याच्या स्पीकरमधून बोलू लागतो आणि यात कोणाला काही नवल वाटत नाही.

वास्तविक नवल वाटायला हवे. मोटारीत रेडिओ आल्यानंतरची पहिली पन्नास वर्षे हे काम एवढे सोपे कधीच नव्हते.

१९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने '५टी७१' हा मोटार-रेडिओ विक्रीला आणला आणि त्याला नाव दिले 'मोटोरोला'. किंमत ११० ते १३० डॉलर. त्या काळी फोर्डची नवी मॉडेल ए मोटार साधारण ५०० डॉलरच्या आसपास मिळे. रेडिओ म्हणजे एक पेटी नव्हती. ग्राहक यंत्र एकीकडे, स्पीकर दुसरीकडे, व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबासाठी वेगळ्या बॅटऱ्या पायाखाली, असा तो सगळा संसार होता. शिवाय इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर दाबण्यासाठी वेगळी योजना करावी लागे. १९३२ मध्ये बर्लिनच्या 'इडेआल' कंपनीने, म्हणजे पुढच्या ब्लाउपुंक्टने, युरोपातला पहिला मोटार-रेडिओ एका स्टुडबेकर गाडीत बसवला. त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या तृतीयांशाच्या घरात होती.

या काळात 'स्पीकर ठेवून रेडिओ बदलू' असे म्हणणेच अवघड होते. तेव्हाच्या बहुतेक स्पीकरांत कायमचा चुंबक नसे. तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळवून चुंबक तयार करावा लागे आणि ती वीज रेडिओच्या जोडणीतूनच येई. भरीला व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर त्या त्या रेडिओच्याच मापाचा असे. रेडिओ निघाला की स्पीकर म्हणजे नुसता कागदाचा शंकू.

ही गाठ दोन शोधांनी सोडवली. पहिला शोध शक्तिशाली कायमच्या चुंबकांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सर्रास वापरात आले आणि स्पीकर स्वतःच्या पायावर उभा राहिला. दुसरा ट्रान्झिस्टरचा. एप्रिल १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. १९५६ च्या इम्पीरियल गाड्यांत तो १५० डॉलर जादा मोजून मिळे. आता १२ व्होल्टच्या बॅटरीवरच रेडिओ चालू लागला. उच्च दाबाची भानगड संपली आणि हळूहळू ट्रान्सफॉर्मरही गेला.

तरीही अडचण उरलीच होती, आणि ती तंत्राहून अधिक मापांची होती. प्रत्येक कंपनीच्या डॅशबोर्डातले भोक निराळे, नॉबच्या दांड्यांमधले अंतर निराळे, वायरींचे रंग निराळे. नवा रेडिओ घालायचा तर डॅशबोर्ड कानशीने घासा, पत्रा कापा. जुन्या मोटारी पूर्ववत करणारे लोक आज हळहळतात ते अशाच कापलेल्या डॅशबोर्डांपाशी.

मार्ग निघाला तो जर्मन मानक संस्थेच्या एका कागदातून. 'डिन ७५४९०' या मानकाने रेडिओच्या दर्शनी भागाचे माप ठरवले: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. १९८४ मध्ये हेच माप 'आयएसओ ७७३६' या नावाने आंतरराष्ट्रीय झाले. आजही मेकॅनिक 'सिंगल डिन', 'डबल डिन' म्हणतात त्यातला 'डिन' म्हणजे ती जर्मन संस्था. दुप्पट उंचीचा कप्पा जपानी गाड्यांनी रूढ केला. माप एक झाल्यावर कपलरही एक व्हावा, हे ओघानेच आले. १९९० च्या दशकात 'आयएसओ १०४८७' या मानकाने ते काम केले. काळ्या कपलरमध्ये विजेच्या वायरी, तपकिरी कपलरमध्ये चार स्पीकरांच्या आठ वायरी. बाजारातल्या स्टिरिओंनी रंगांचाही संकेत पाळला: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, साधी वायर धन, काळ्या रेघेची ऋण. ऑस्ट्रेलियातला रेडिओ अर्जेंटिनातल्या गाडीत बसावा, एवढी ताकद या आठ वायरींत होती.

अर्थात मानक असले म्हणजे सगळे ते पाळतातच असे नाही. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत काळ्या कपलरमधल्या चौथ्या आणि सातव्या पिनांची अदलाबदल असे. नवा स्टिरिओ सुरू होई, वाजेही उत्तम. पण किल्ली काढली की साठवलेली सारी स्टेशने विसरून जाई. कायम चालू राहणारी वीज आणि किल्लीबरोबर येणारी वीज यांची जागा बदलली, एवढेच कारण.

दुसरा घोटाळा अधिक महागात पडणारा होता. जुन्या कितीतरी गाड्यांत स्पीकरची एक वायर रेडिओकडे आणि दुसरी थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली असे. १९८० च्या दशकापासून स्टिरिओंत नवी रचना रूढ झाली, तिच्यात स्पीकरची दोन्ही टोके ॲम्प्लिफायरच हलवतो. असा स्टिरिओ जुन्या पद्धतीच्या वायरिंगला जोडला की त्याचे एक टोक सरळ पत्र्याला भिडते आणि ॲम्प्लिफायर जळतो. म्हणजे मूळ स्पीकर ठेवता येतात, पण त्यांची मूळ वायर नेहमीच ठेवता येत नाही. हा भेद अनेकांना धूर निघाल्यावर कळला.

या नव्या रचनेचे कारण साधे गणित आहे. इंजिन चालू असताना गाडीतला दाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्पीकरचा रोध रूढीने ४ ओहम. जुन्या रचनेत या दाबातून जास्तीत जास्त साडेसहा वॉटच्या आसपास शक्ती निघे. दोन्ही टोके हलवली की तीच चौपट, म्हणजे सुमारे २६ वॉट. मग खोक्यावरचे '४ × ५० वॉट' आले कुठून? ध्वनीची लहर पूर्ण बिघडवून तिचे चौकोनी ठोकळे केले, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२. आकडा खोटा नव्हता. त्या आकड्यावर गाणे ऐकवत नसे, एवढेच. कारखान्याचे साधे स्पीकर नव्या स्टिरिओखाली वर्षानुवर्षे तगून राहिले, त्याचे एक कारण हेच, की खोक्यावरच्या पन्नास वॉटांशी त्यांची गाठ फारशी पडलीच नाही.

मुंबईची गोष्ट याच काळातली, पण थोडी उलटी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी घेणाऱ्याला संगीताची सोय बहुधा स्वतःच करावी लागे. रेडिओ आणि स्पीकर दोन्ही बाजारातून, लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणाहून यायचे आणि मागच्या काचेखालच्या फळीत कारागीर भोके पाडायचा. 'मूळचे स्पीकर' हा शब्दच तिथे गैरलागू होता.

सोयीची दुसरी बाजू चोरांनीही ओळखली. जो रेडिओ दोन लोखंडी किल्ल्या खुपसून मिनिटात बाहेर येतो, तो कोणाच्याही हाती मिनिटात येतो. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मोटारीच्या काचेला 'आत रेडिओ नाही' अशा पाट्या लागत. मग हातात घेऊन फिरायचे रेडिओ आले, सुटे होणारे दर्शनी पट्टे आले, सांकेतिक क्रमांक आले. आणि मोटार कंपन्यांना आणखी एक मार्ग सापडला: रेडिओच असा घडवायचा की तो दुसऱ्या गाडीत बसूच नये. १९९६ च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि वातानुकूलनाची बटणे एकाच लंबगोल फलकात ओतलेली होती. चोराची अडचण झाली, तशी मालकाचीही.

स्पीकरांच्या बाजूनेही दार बंद होत होते. १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत बोसने तयार केलेली प्रणाली आली. तिच्यात प्रत्येक स्पीकरच्या पेटीला स्वतःचा ॲम्प्लिफायर होता. बाजारातला स्टिरिओ तिथे थेट जोडणे म्हणजे ॲम्प्लिफायरपुढे ॲम्प्लिफायर ठेवणे. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत तर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्यात तांब्याऐवजी काचतंतू धावू लागला. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत 'दार उघडे आहे', 'पट्टा लावा' हे इशारेही रेडिओच वाजवत असे. रेडिओ काढला की गाडी मुकी.

गाडी विकत घेतली म्हणजे तिच्या छातीतला रेडिओही आपला झाला की नाही, हा वाद तिथे उभा राहिला. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन–मॉस कायद्याने, दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग वापरला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येणार नाही, असे ठरवून ठेवले होते. पण कायदा परवानगी देतो, कपलर देत नाही. ती उणीव जुळवणी करणाऱ्या छोट्या पेट्यांच्या धंद्याने भरून काढली. या पेट्या गाडीच्या संगणकाशी तिच्या भाषेत बोलतात, इशारे स्वतः वाजवतात आणि स्टिरिओच्या बाजूला तेच जुने पांढरे, करडे, हिरवे, जांभळे रंग पुढे करतात.

२०२० मध्ये पोर्शेने स्वतःच आपल्या जुन्या गाड्यांसाठी नवे रेडिओ काढले. आत स्पर्शपडदा, नकाशे आणि फोनची जोडणी. बाहेरून जुन्या ९११ च्या कप्प्यात बसेल असे एक-डिन माप. नंतरच्या, मोठ्या कप्प्याच्या गाड्यांसाठी दोन-डिनचा दुसरा नमुना होता. त्याच्या माहितीत कंपनीने आवर्जून सांगितले होते की गाडीतले आधीचे ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि अँटेना तसेच वापरता येतील.