पाडलेली घरे, राखलेली घरे



वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेसाठी विहाराचा इतिहास लिहावा असे आम्हाला सांगण्यात आले. लिहायला बसलो आणि मन पुन्हा पुन्हा मागच्या टिनाच्या खोलीपाशीच थांबले. नवीन सभागृहाच्या नकाशात ती खोली नाही. त्या जागी चपला ठेवण्याचा कट्टा दाखविला आहे. मागच्या बैठकीत यावरून आवाज चढले, ते अर्ध्या वस्तीने ऐकले. "पडकी खोली ती, तिच्यात काय ठेवलंय?" असे आपल्याच पोरांनी विचारले. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून थोडे दूरचे सांगतो.

१९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर परमपूज्य बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे सिरोहीच्या महाराजांच्या बंगल्यात राहायला गेले. तिथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे तो बंगला खाजगी मालकांच्या हाती गेला. समाजाने मागणी लावून धरली, तेव्हा कुठे २००३ साली केंद्र सरकारने जागा ताब्यात घेतली. १३ एप्रिल २०१८ रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले. उघड्या पुस्तकाच्या आकाराची देखणी इमारत आहे, पण ती नवी आहे. बाबासाहेबांनी शेवटची रात्र जिथे काढली, त्या खोलीच्या भिंतीला आज हात लावता येत नाही.

लंडनचे घर मात्र वाचले. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करताना बाबासाहेब तिथे राहत. २०१४ मध्ये घर विकायला निघाले, ही गोष्ट तिकडच्या आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी हेरली आणि सरकारकडे लकडा लावला. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून जास्त देऊन ते विकत घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला प्रधानमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनही झाले. एवढ्यावर भागले असे वाटले होते. पण शेजाऱ्यांनी तक्रार केली. राहत्या घराचे संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डन कौन्सिलची परवानगी लागते, आणि ती २०१८ साली नाकारण्यात आली. म्हणजे घर आपल्या मालकीचे, तरी दार लोकांसाठी उघडे ठेवता येईना! मग अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. पैसा तर लागलाच, पण कागद आणि चिकाटीही तेवढीच लागली.

आणि दादरचे आंबेडकर भवन? २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, त्याच्यावर बुलडोझर चालला. बुद्धभूषण छापखानाही तिथेच होता. इमारत जीर्ण आहे, नवी सतरा मजली उभारू, असे पाडणाऱ्यांचे म्हणणे होते. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पण मोर्चाने भिंत परत उभी राहत नाही. पाडणारे सगळे परके नव्हते, हे आम्हाला आजही टोचते.

आपल्याच जिल्ह्यात सिंदखेड राजाला १२ जानेवारीला आपण जातो. लखुजीराव जाधवांच्या वाड्याची पुष्कळ पडझड झालेली आहे, तरी आत शिरला की माणूस आपोआप आवाज खाली आणतो. जिजाऊ इथे जन्मल्या हे पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपली खोली. बाबासाहेबांचे पाय तिला लागलेले नाहीत, हे कबूल. पण तिच्या मातीच्या भिंती आपल्या आजोबांनी रात्री कंदिलाच्या उजेडात रचल्या. वरची टिने आयाबायांनी निंदणाच्या मजुरीतून घेतली. पहिली वंदना तिथे झाली, पहिली लग्ने तिथे लागली, आणि घरात दिवा नसलेली पोरे मॅट्रिकचा अभ्यास तिथेच करीत. त्यातली काही आज नकाशा करणाऱ्या कमिटीत आहेत.

पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, दोन वासे किडले आहेत. तेवढे दुरुस्त करायला सभागृहाच्या खर्चापुढे काही फार लागणार नाही. येत्या पौर्णिमेला बैठक आहे. कोणाच्या ट्रंकेत जुना फोटो, वर्गणीची पावती असेल तर सोबत आणावी. नकाशा अजून बदलता येतो. चपलांचा कट्टा फाटकाजवळही बसेल.